आंब्याच्या सालीखाली केसाळ किडा, गुगल लेन्स म्हणतंय पॉलिझेनस

घोडबंदरची_मी: सोसायटीतल्या जुन्या आंब्याची साल सुटलीय, काल पोरगा ती उचकटत बसला होता तर खालून हे निघालं, मोहरीएवढं जेमतेम, अंगभर केसांचे झुपके आणि शेपटाला पांढरा ब्रश! शेजारच्या काकू म्हणतात कुसाचा सुरवंट आहे, पेस्ट कंट्रोल बोलवा. अंगावर उठेल का?

येऊरचा_भटक्या: सुरवंट नाही ताई, पावसाळ्यात जिन्यात वेटोळं करून पडलेला असतो ना तो वाणी, त्याचाच हा चिमुकला भाऊबंद, लेन्स म्हणतंय तो पॉलिझेनस याच केसाळ गटातला. फक्त याला चुन्याचं कडक कवच नाही आणि घाण वासाचा रसही सोडत नाही, सगळी भिस्त केसांवर. सालीवरचं शेवाळ, दगडफूल खरवडून खातो बिचारा, तुमच्या घरात त्याला काय मिळणार. काकूंना चहा पाजा.

कळव्याचा_बंड्या: मला तर स्वेटर कुरतडणारी अळी वाटली, ती पण अशीच केसाळ असते. पाय मोजा, सहा भरले की अळी.

येऊरचा_भटक्या: बंड्या, इथेच गोची आहे, अंड्यातून नुकत्याच निघालेल्या यालाही पायांच्या तीनच जोड्या असतात, मग कात टाकत टाकत वाढतात आणि पॉलिझेनसच्या पूर्ण वाढलेल्याला १३ जोड्या. म्हणून शेपटाचा ब्रश बघायचा. तो नुसता शोभेचा नाहीये, त्यातल्या केसांच्या टोकाला आकडे असतात, मुंगी आली की हा शेपूट तिच्यावर पुसतो, केस सुटून तिला चिकटतात आणि ती साफ करायला जाते तितकी जास्त गुरफटते. कीटकशास्त्रज्ञ थॉमस आयझनर वगैरेंनी १९९६ मध्ये फ्लोरिडातल्या पॉलिझेनस फॅसिक्युलेटस या जातीवर हे दाखवलंय. पण मोबाइलच्या फोटोवरून जीनस (प्रजाती) सांगणारा लेन्स थोर आहे हां! असेच केसाळ भाऊबंद आणखी आहेत: लोफोप्रोक्टसला डोळेच नसतात, फ्रिसोनोटसला पायांच्या १७ जोड्या, ते दोन बाजूला काढता येतील, पण १३ जोड्या युनिझेनसलाही असतात, तिथे मायक्रोस्कोपखाली मिशीच्या सहाव्या भागावरचे बारीक काटे बघावे लागतात.

घोडबंदरची_मी: पोराने क्लिप लेन्स लावून तीनदा मोजलं, १२ जोड्याच भरतात म्हणतोय. चुकला असेल ना?

येऊरचा_भटक्या: अजिबात नाही, बरोब्बर मोजलंय! वयात यायला एक कात बाकी आहे त्याची. साल होती तशी लावून ठेवा.