ट्रेड व्हॅल्यूला मराठीत काय?

रंकाळा_काठ: एनबीएवरचा (अमेरिकेतली बास्केटबॉलची लीग) एक लेख मराठीत करतोय आणि ट्रेड व्हॅल्यूपाशी अडलोय, म्हणजे संघांच्या अदलाबदलीत खेळाडूचं काय वजन ते. 'बाजारभाव' लिहिलं तर बायको म्हणते खेळाडू काय वांगी आहेत का. 'विक्रीमूल्य' पण नको, कारण तिथं आयपीएलसारखी बोली नसते, चालू करारासकट माणूस द्यायचा आणि बदल्यात दुसरा माणूस नाहीतर पुढच्या ड्राफ्टची पिकं, म्हणजे नवे खेळाडू निवडायचे हक्क, घ्यायची.

शुद्धमती: विनिमयमूल्य. रुळलेला शब्द आहे.

गुळाचा_रवा: शाहूपुरीत गुळाच्या सौद्याला उभं राहून म्हणून दाखवा की एकदा. सरळ 'किंमत' लिहा.

शुद्धमती: किंमत अरबी. त्यापेक्षा 'मोल' घ्या, मूल्य-मोल्ल-मोल.

गुळाचा_रवा: आणि मोलकरीण? मोलानं जाणं म्हणजे मजुरीच, वाचणारा पगार समजणार, आणि इथं तर पगार नि किंमत उलट्या चालतात, चांगला गडी कमी पगारात तीन वर्षं बांधलेला असला की सगळे मागणार, तोच खेळ पण पगार दांडगा आणि करार लांब, तर न्यायला कोण तयार नाही, वर एखादं पिक द्यावं लागतं. (पगार पोर्तुगीज आहे, तो चालतो वाटतं?)

पंचगंगा७: असल्या कराराला 'लोढणं' म्हणा!! आणि ते पिक आहे की पीक? 2029 चं द्यायचं म्हणजे न पेरलेलंच की.

हेडी_नव्हे: आमचे आजोबा वडगावच्या बाजारात बैल घेताना आधी जबडा उघडायचे, दातांवरनं वय ठरवायचं, आदत, दुसा, चौसा, जुळलेला, मग चालवून खुरं बघायची, आणि भाव रुमालाखाली बोटांनी. एनबीएवाले पण वय आणि गुडघेच बघतात. तरी 2025 च्या फेब्रुवारीत डॅलसच्या संघानं 25 वर्षांचा डॉन्चिच लेकर्सला दिला, मुख्य काय आलं तर 31 चा डेव्हिस, क्रिस्टी आणि पहिल्या फेरीचं 1 पिक. आणि 2022 ला 30 वर्षांच्या गोबेअरसाठी मिनेसोटानं खेळाडू दिले ते दिलेच, वर पहिल्या फेरीची 4. गरजवंताला अक्कल नसते.

पंचगंगा७: मग ट्रेड म्हणजे साटंलोटंच.

शुद्धमती: साटंलोटं लग्नातलं, पोरी देण्याघेण्याचं. इथं शोभत नाही.

गुळाचा_रवा: खेळाडूला तरी कोण विचारतंय?

रंकाळा_काठ: अहो शब्द सांगा, लेख उद्या द्यायचाय. 'सौद्यातली किंमत' कसं वाटतं?

पंचगंगा७: हेडीसाहेब, चौसा म्हणजे चार दात की चार वर्षं? आमच्या गावात भांडणं हायत यावर.