प्रतिसाद: बंकरात गाडलेला बॉल

वर एका भावानं लिहिलंय की गोल्फमध्ये बंकरात, म्हंजे वाळूच्या खड्ड्यात, हातानं वाळू उकरून बॉल शोधला की दोन शॉट पेनल्टी, तसं काय नाही ओ. नियम ७.१ आणि ७.४ प्रमाणं शोधायला वाळू बाजूला केली तर चालतंय आणि शोधताना चुकून बॉल हलला तरी पेनल्टी नाही, होता तिथं परत ठेवायचा आणि वाळू पण जशी होती तशी वर घालायची, अख्खा गाडलेला असला तर जरासा दिसत ठेवायची तेवढी सवलत. शोधायला वेळ मात्र ३ मिनिटं, २०१९ च्या आधी ५ होती, जुनी मंडळी अजून त्याच हिशोबात निवांत फिरतात. सापडल्यावर वाळू कशी आहे बघायला मुद्दाम हात लावायचा नाही, ती काय कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानाची तांबडी माती न्हवं, असा हात लावला तर खरंच दोन शॉट बसतात. बॉल रुतला म्हणून फ्री ड्रॉप, म्हंजे पेनल्टीशिवाय बॉल उचलून दुसरीकडं टाकणं, बंकरात नाहीच. अनप्लेएबल घेतला, म्हंजे बॉल मारण्यासारखा नाही असं आपणच ठरवलं, तर १ पेनल्टीत बंकरातच ड्रॉप, २ दिल्या तर होल आणि बॉलच्या सरळ लाइनीत मागं, बंकरच्या बाहेर. आपल्याकडं जुलैत भिजलेल्या वाळूत तर मी म्हणतो वेजचा (वाळूतनं बॉल काढायच्या काठीचा) फेस, म्हंजे बॉलला लागणारा सपाट भाग, उघडू नका, सरळ ठेवून बॉलच्या मागं हाणा, बाहेर आला तरी खूप झालं.