ब्रिटिश जनतेचा 'अंकल जो': कृतज्ञता की सोयीचा विसर?

दूरचा दिवा (धागाकर्ता)

२० सप्टेंबर १९३९ ला लंडनच्या 'इव्हनिंग स्टँडर्ड'मध्ये डेव्हिड लो यांचं व्यंगचित्र आलं. दोघांनी नुकताच पोलंड वाटून घेतला होता. चित्रात पोलंडच्या मातीत एक प्रेत पडलंय, त्याच्या दोन बाजूंना हिटलर आणि स्टालिन टोप्या काढून, वाकून एकमेकांना नमस्कार करताहेत. हिटलर म्हणतो, 'जगातली घाण ती आपणच ना?' स्टालिन म्हणतो, 'कामगारांचे खुनी आपणच वाटतं?'

चार वर्षांनी, १९४३ मध्ये, त्याच लंडनमध्ये लोक वेस्टमिन्स्टर ॲबेबाहेर रांगा लावून उभे होते. राजे सहावे जॉर्ज यांनी, जर्मनांना हरवणाऱ्या स्टालिनग्राड शहरासाठी घडवून घेतलेली तलवार बघायला. पुढे तेहरानला चर्चिल यांनी ती स्टालिनच्या हातात दिली. तोवर स्टालिन घरोघरी 'अंकल जो' झाला होता.

स्टालिन कसा आहे हे लोकांना ठाऊक नव्हतं असं नाही. स्टालिनच्या धोरणांनी युक्रेनमध्ये पडलेल्या दुष्काळाची बातमी गॅरेथ जोन्स या पत्रकाराने १९३३ मध्येच आणली होती. १९३६ ते ३८ चे स्टालिनने विरोधकांवर चालवलेले मॉस्कोतले बनावट खटले ब्रिटिश वर्तमानपत्रांत येत होते. फिनलंडवरच्या हल्ल्यामुळे डिसेंबर १९३९ मध्ये रशियाला राष्ट्रसंघातून काढलं, तेव्हा ब्रिटनमध्ये लोक फिनलंडच्या बाजूने हळहळत होते. माझं म्हणणं असं की या लोकांना कुणी फसवलं नाही. त्यांनी विसरायचं ठरवलं.

रानपाखरू

सहमत नाही. 'ठरवलं' हा शब्द फार आहे.

त्या लोकांची १९४०-४१ ची वर्षं बघा. फ्रान्स पडलेला. ७ सप्टेंबर १९४० पासून लंडनवर सलग ५७ रात्री बॉम्ब. आठ महिन्यांत देशभर ४० हजारांवर नागरिक मेले. आणि २२ जून १९४१ ला अचानक जर्मन सैन्य पूर्वेकडे, रशियावर वळलं. ज्या बाईचा मुलगा सैन्यात आहे, तिला त्या दिवशी काय वाटलं असेल? आपल्या पोराच्या वाट्याचं मरण दुसऱ्याची पोरं अंगावर घेताहेत, हे तिला कळत होतं. त्या सप्टेंबरात कारखान्यांनी 'रशियासाठी रणगाडे' सप्ताह पाळला. पंतप्रधान चर्चिल यांच्या पत्नीने रशियासाठी काढलेल्या मदतनिधीत लोकांनी पेनी-पेनी करून लाखो पौंड जमवले. हा पैसा हुकूमशहाच्या प्रेमापोटी दिलेला नव्हता.

आणि तलवारीचा दाखला तुम्हीच दिलात, तर तिच्यावरचा मजकूरही वाचा. 'स्टालिनग्राडच्या पोलादी काळजाच्या नागरिकांना.' नागरिकांना! स्टालिनला नाही.

दूरचा दिवा

मजकूर वाचलाय. पण 'स्टालिन' हे नावच मुळात पोलादावरून घेतलेलं, आणि ज्या नागरिकांचा हा गौरव त्यांच्या शहराला त्याचंच नाव. माणूस आणि सैन्य वेगळं ठेवणं तुम्हाला आज जमतंय. तेव्हा एका रणगाड्यावर कामगारांनी 'स्टालिन' असं नाव रंगवलं होतं, एखाद्या रशियन शिपायाचं नव्हे.

जुनी वही

एक बाजू राहतेय. हे प्रेम सरकारने पेरलं असा समज असतो, पण सुरुवातीला सरकारच बिचकत होतं. बीबीसीवर रविवारी रात्री मित्रराष्ट्रांची राष्ट्रगीतं वाजत. रशिया मित्र झाल्यावर 'इंटरनॅशनल' हे त्यांचं तेव्हाचं राष्ट्रगीत, कम्युनिस्टांचं गाणं, वाजवायचं का, यावर चर्चिल अडून बसले. ते गीत वाजलं १९४२ च्या जानेवारीत. कम्युनिस्टांचं 'डेली वर्कर' हे वर्तमानपत्रही बंदीमुळे सप्टेंबर १९४२ पर्यंत निघत नव्हतं. तोवर भिंतींवर 'दुसरी आघाडी आत्ताच उघडा' (म्हणजे रशियावरचा भार हलका करायला पश्चिमेकडूनही जर्मनांवर चढाई करा) असं लोक खडूने लिहू लागले होते.

मग सरकारने हुशारी केली. हा उत्साह कम्युनिस्टांच्या हाती जाऊ नये म्हणून सोहळे स्वतःच भरवायला घेतले. फेब्रुवारी १९४३ चा अल्बर्ट हॉलमधला लाल सेनेच्या गौरवाचा कार्यक्रम त्यातलाच.

पंचगंगाकाठ

मी कोल्हापूरचा, म्हणून राहवत नाही.

आमच्याजवळ वळिवड्याला १९४३ पासून पोलिश निर्वासितांची छावणी होती. पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. आज तिथे गांधीनगर आहे. ही माणसं हिटलरच्या भीतीने आलेली नव्हती. १९४०-४१ मध्ये स्टालिनच्या पोलिसांनी त्यांना मध्यरात्री दार ठोठावून उठवलं, मालगाड्यांत कोंबलं आणि सैबेरिया-कझाकस्तानात नेऊन टाकलं. १९४२ मध्ये इराणमार्गे सुटका झाली, तोवर कितीतरी मुलं उपासमारीने आणि टायफसने गेली होती.

माझी आजी तेव्हा दहा वर्षांची. ती सांगायची, त्यातली एक बाई भाकरीचा पडलेला तुकडा उचलून त्याचा मुका घ्यायची, मगच खायची. आजीला वाटायचं, आपल्यासारखीच अन्नाला पाया पडणारी माणसं दिसतात. उपासमारीचं तिला फार नंतर कळलं.

लंडनमध्ये तलवारीसमोर रांगा होत्या त्याच वर्षी ही बाई वळिवड्यात होती. रानपाखरू, कृतज्ञतेच्या हिशोबात तिला कुठे बसवायचं?

रानपाखरू

वाचून गलबललो. खरंच.

तरीही विचारतो, त्या बाईची गोष्ट लंडनपर्यंत कुणी पोचू दिली? एप्रिल १९४३ मध्ये रशियातल्या कातिनच्या जंगलात गोळ्या घातलेल्या पोलिश अधिकाऱ्यांची प्रेतं सापडल्याचं जगाला सांगितलं कुणी, तर हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्सने. त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? मे महिन्यात ओवेन ओमॅली या ब्रिटिश राजदूताने हे काम रशियाचंच दिसतं असा अहवाल दिला. सरकारने तो दाबून ठेवला. मॉस्कोने गुन्हा कबूल केला १९९० मध्ये. मग दोष दडवणाऱ्यांचा की ज्यांच्यापासून दडवलं त्यांचा?

दूरचा दिवा

कातिनपुरतं मान्य. पण दडवणारं एकटं सरकार नव्हतं. स्टालिनच्या रशियाची खिल्ली उडवणारं ऑर्वेल यांचं 'ॲनिमल फार्म' १९४४ मध्ये लिहून तयार होतं. एकामागून एक प्रकाशकांनी ते परत केलं. त्यातल्या एकाने माहिती खात्यातल्या अधिकाऱ्याच्या सल्ल्यावरून, पण सल्ला म्हणजे काही हुकूम नव्हे. पुस्तक निघालं ऑगस्ट १९४५ मध्ये, युरोपातलं युद्ध संपल्यावर.

आणि ८ जून १९४६ चं लंडनचं विजय संचलन. ब्रिटनच्या आकाशात लढलेले पोलिश वैमानिक, इटलीत मोंते कासिनो जिंकणारे पोलिश सैनिक, यांतलं कुणी त्यात चाललं नाही. स्टालिनला दुखवायचं नव्हतं. आधी निमंत्रण गेलं ते मूठभर वैमानिकांना. आमचे बाकीचे साथीदार नाहीत तर आम्हीही नाही म्हणून त्यांनी ते नाकारलं.

रानपाखरू

संचलनाला माझ्याकडे उत्तर नाही. युद्ध संपून वर्ष झालं होतं, डोक्यावर बॉम्ब पडत नव्हते. तिथे मी तुमच्या बाजूने. पण १९४१ मध्ये मदतनिधीच्या डब्यात पेनी टाकणाऱ्या बाईला त्या ओळीत उभं करायला मी तयार नाही.