कॅसाब्लांकातला तो कॅप्टन कोण?

ए-१०३ वहिनी: कालचा 'कॅसाब्लांका' पिक्चर मस्त झाला. पण खरं सांगू? हिरोपेक्षा तो बुटका पोलीस कॅप्टनच डोक्यात बसलाय. कोण हो तो?

बी-४०२ काका: क्लॉड रेन्स. कॅप्टन फ्रेंच, नट मात्र अस्सल लंडनकर. जन्म १८८९चा.

डी-२०१ दादा: जुगाराचा सीन कडक होता! इथे जुगार चालतो बघून मला धक्काच बसला, म्हणत कॅफे बंद करतो आणि तेवढ्यात नोकर त्याचेच जिंकलेले पैसे आणून देतो.

बी-४०२ काका: पण त्या क्षणी तो काय करतो ते बघ. दचकत नाही, ओशाळत नाही. हळूच थँक्यू म्हणून पैसे घेतो आणि पुन्हा आवाज चढवतो, सगळे बाहेर व्हा! दुसरा कोणी असता तर प्रेक्षकांकडे बघून टाळी वसूल केली असती.

सी-३०४ काकू: आवाज काय खानदानी आहे पण!

बी-४०२ काका: काकू, तो कमावलेला आहे. मूळची बोली लंडनच्या गरीब वस्तीतली, त्यात उच्चारांत दोष. लहानपणी नाटक कंपनीत पडेल ते काम करायचा. बीरबोम ट्री या मोठ्या नटाने पदरचे पैसे घालून त्याला उच्चारांची शिकवणी लावली. पुढे तोच राडा या नाट्यशाळेत शिकवायला लागला. जॉन गिलगुड, चार्ल्स लॉटनसारखे नट त्याच्या हाताखालून गेले. मध्ये पहिल्या महायुद्धात विषारी वायूने एका डोळ्याची नजर जवळजवळ गेली होती. पडद्यावर कळतं का?

डी-२०१ दादा: छे! मग हॉलिवूडला कधी गेला?

बी-४०२ काका: चाळिशी उलटल्यावर. १९३३चा 'द इनव्हिजिबल मॅन'. सगळा वेळ तोंडाला बँडेज नाहीतर माणूसच अदृश्य. चेहरा दिसतो शेवटी, काही क्षण. सगळी मदार आवाजावर.

डी-२०१ दादा: हॉलिवूडचा पहिलाच पिक्चर आणि चेहराच नाही 😂 ऑस्कर तरी मिळालं?

बी-४०२ काका: चार नामांकनं, चारही सहायक अभिनेत्याची. हाती एकही नाही.

ए-१०३ वहिनी: अन्याय आहे हा.

बी-४०२ काका: माझ्या मते त्याचं सगळ्यात वरचं काम 'नोटोरियस', १९४६. दिग्दर्शक हिचकॉकचा. त्यात तो ब्राझीलमधल्या नाझी टोळीतला, बायकोवर जीव टाकणारा. बायको झालेली इन्ग्रिड बर्गमन त्याच्यापेक्षा उंच, म्हणून त्याच्यासाठी उतरती फळी लावायचे म्हणतात. खलनायक असून शेवटी आपल्याला त्याचीच दया येते. नायक याच्या बायकोला गाडीत घालतो, दार आतून बंद करतो, आणि हा मागे वळून आपल्याच साथीदारांकडे एकेक पायरी

सी-३०४ काकू: अहो काका!! शेवट सांगताय!

बी-४०२ काका: सॉरी सॉरी. तरी बघा, कळूनही घशाला कोरड पडते.

सेक्रेटरी: मंडळी, ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. टाकीची सफाई उद्या १० ते १, पाणी भरून ठेवा. आणि पुढच्या शनिवारी काय लावायचं ते सांगा. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'मध्येही हेच आहेत ना?

बी-४०२ काका: आहेत, पण छोटं काम. आणि तो पिक्चर साडेतीन तासांच्या वर जातो.

सेक्रेटरी: मग नोटोरियस. वॉचमन दहाला क्लब हाऊसला कुलूप लावतो.

ए-१०३ वहिनी: चालेल. चहा माझ्याकडे, कप ज्याचे त्याने आणा.