चौक अडवणाऱ्या सिटी बसलाही चलन फाडायचं का?

नारायणपेठी

संध्याकाळी साडेसहानंतर पुण्यात अलका टॉकीजच्या चौकात थोडा वेळ उभं राहून बघा. टिळक रोड, शास्त्री रोड, लक्ष्मी रोड, केळकर रोड आणि लकडी पूल, सगळे तिथे एकमेकांना भिडतात. एका बाजूचा सिग्नल हिरवा होतो. पुढचा रस्ता गच्च भरलेला समोर दिसत असतो, तरी गाड्या चौकात शिरतात आणि मधोमध अडकतात. तोवर त्यांचा लाल होतो आणि आडव्या रस्त्याचा हिरवा. पण त्या लोकांना हलायला जागाच नसते. त्यांचा अख्खा हिरवा उभ्या उभ्या वाया जातो. मग पुढच्या वेळी तेही दिसेल त्या फटीत गाडी घालतात, कारण थांबलं तर आपलाच तोटा हे त्यांना कळून चुकलेलं असतं.

लाल तोडला तर घरी ई-चलन येतं. हेल्मेट नसेल तर येतं. झेब्रावर चाक गेलं तरी येतं. मात्र पुढे जागा नाही हे दिसत असताना हिरव्यात चौकात घुसून चारी बाजू बंद पाडल्या, तर त्याचं कुणाला काही वाटत नाही. टॉमटॉम या नकाशे बनवणाऱ्या कंपनीच्या २०२४ च्या यादीत कोंडीच्या बाबतीत पुणं जगात चौथं होतं, १० किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटं. रस्ते अरुंद आहेत, गाड्या जास्त आहेत, सगळं मान्य. पण असलेला हिरवासुद्धा आपण एकमेकांना वापरू देत नाही, याचा राग येतो.

म्हणून माझं म्हणणं असं, की चौक अडवण्याबद्दल चलन झालंच पाहिजे आणि त्यातून सिटी बसला सूट मिळता कामा नये. दुचाकी अडकली तर आजूबाजूने वाट निघते. १२ मीटरची बस आडवी राहिली की रुग्णवाहिकासुद्धा खिळते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर रुग्णवाहिकेला वाट न देण्याबद्दल कलम १९४-ई खाली १० हजारांच्या दंडाची तरतूद आहे. मागे रांगेत अडकलेल्या माणसाला वाट द्यायची इच्छा असूनही सरकायला जागा नसते. त्याला दंडाचा धाक, आणि ज्याने चौक बंद केला तो मोकळा?

स्टेअरिंगवाला

साहेब, मी बस चालवतो. कुठे, कुणाची, ते राहू द्या. तुमचं लिहिलेलं वाचून वाईट वाटलं म्हणून उत्तर देतोय.

पुढे बसपुरती जागा व्हायची वाट बघत स्टॉप लाइनवर थांबलो तर काय होतं सांगतो. जागा व्हायला लागली की डावीकडून दोन रिक्षा आणि आठ-दहा दुचाक्या त्यात शिरतात. माझी जागा गेली. परत थांबलो, परत तेच. मागून हॉर्न सुरू, आत प्रवासी ओरडतायत, ‘अहो मास्तर, हिरवा आहे, घ्या की पुढे!’ तुमच्या नियमाने चालायचं म्हटलं तर गर्दीच्या वेळी तो चौक ओलांडताच येणार नाही.

शिवाय चौकात पोलीस असेल तर तोच हाताने ‘चल चल’ करतो. त्याचं ऐकायचं का सिग्नलचं? फेरी चुकली तर डेपोत खुलासा द्यायचा आम्ही. चलन येतं गाडीच्या मालकाच्या नावावर, आणि कापलं जातं आमच्या पगारातून. पाचशे-हजार तुम्हाला कमी वाटत असतील. ठेकेदाराकडच्या पोरांना विचारा.

मृण्मयी_कोथरूड

दादांशी पूर्ण सहमत. बसमध्ये ६० माणसं असतात, शेजारच्या मोटारीत एक. दोघांना एकच दंड लावणं म्हणजे समान न्याय, असं मला अजिबात वाटत नाही. रोज १० लाखांच्या घरात माणसं पीएमपीने, म्हणजे पुण्याच्या सिटी बसने, जातात. ती उद्या दुचाकीवर आली तर कुठले चौक आणि कुठलं काय.

देशातली पहिली बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी राखीव मार्गिका, २००६ मध्ये पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर सुरू झाली. बसला स्वतःची मार्गिका असती तर ती चौकात अशी लटकली नसती. ती मार्गिका आपण नीट चालवली नाही, नगर रस्त्यावरची तर काढूनच टाकली. बसचा रस्ता काढून घ्यायचा, तिला मोटारींच्या रांगेत कोंबायचं आणि वर तिलाच चलन पाठवायचं, हे मला पटत नाही. आधी बसला प्राधान्य द्या, मग तिच्याकडून शिस्त मागा.

नारायणपेठी

मृण्मयीताई, बसमधल्या ६० माणसांची काळजी मलाही आहे. मी स्वतः बसनेच फिरतो. पण आडव्या रस्त्यावर बघा ना. एक बस चौकात लटकली की तिच्यामुळे अडकतात त्यात बाकीच्या बस आल्याच. दुचाक्या फुटपाथवरून निघून जातात, मोटारी गल्लीत वळतात. बसला मार्ग सोडता येत नाही, ती जागच्या जागी उभी राहते. म्हणजे चौक बंद पडला की सर्वांत जास्त मार बसच्याच प्रवाशाला. ६० माणसांचा हिशोब मांडायचा तर त्या अडकलेल्या बसमधल्या माणसांसकट मांडू.

स्टेअरिंगवाले दादा, तुमच्या पगारातून कापणं मला मान्य नाही, आणि हे मी मनापासून सांगतोय. चलन संस्थेला जावं आणि संस्थेनेच भरावं. तिच्या खिशाला चाट बसली तरच वेळापत्रक कुणीतरी परत काढून बघेल. पाऊण तासात होत नाही ती फेरी पाऊण तासाची का लिहिली आहे, हे आज त्यांना कोण विचारतं?

मोजपट्टी

मी सिग्नलच्या वेळा बसवण्याचं काम करतो. दोन वेगळ्या गोष्टींची इथे गल्लत होतेय.

चौकाची रुंदी ३० मीटर धरा. बस १२ मीटर. शेपूट पलीकडे जाईपर्यंत ४२ मीटर कापायचे. ताशी १५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण चार मीटर, असा वेग धरला तर १० सेकंद लागतात. पिवळा तीन सेकंदांचा असतो आणि त्यानंतर सगळ्या बाजूंना लाल फार तर एक-दोन सेकंद. म्हणजे हिरव्याच्या शेवटच्या क्षणी शिरलेली बस, पुढे रस्ता पूर्ण मोकळा असला तरी, आडव्यांचा हिरवा झाल्यावर पाच-सहा सेकंद चौकातच असणार. त्या चालकाने काही चूक केलेली नाही. चूक सिग्नलच्या वेळांची आहे. अशा बसला चलन फाडलं तर तो सरळसरळ अन्याय होईल.

दुसरी गोष्ट म्हणजे पुढची रांग मागच्या चौकापर्यंत आलेली असताना आत शिरणं. नुकसान होतं ते इथे. सिग्नलच्या १२० सेकंदांच्या फेऱ्यात एका बाजूला ३० सेकंद हिरवा मिळत असेल आणि त्यातले १० सेकंद चौक मोकळा होण्यात गेले, तर त्या बाजूची एक तृतीयांश क्षमता गेली. पेठांमध्ये दोन चौकांतलं अंतर कमी, त्यामुळे रांगेला मावायला जागा नाही. या चौकाची शेपटी त्या चौकात, त्याची तिसऱ्यात, आणि तिसऱ्याची फिरून पहिल्यात. असा फास बसला की मग कितीही सिग्नल बदला, काही हलत नाही. पोलिसाने एकेक गाडी हाताने काढली तरच सुटतो.

तेव्हा कॅमेऱ्याने बघायची गोष्ट एकच. गाडी स्टॉप लाइन ओलांडत होती त्या क्षणी पलीकडच्या झेब्राच्या पुढे तिच्या लांबीएवढी जागा होती का? जागा असताना शिरली आणि मग कुणी मधे घुसलं तर चलन घुसणाऱ्याला. जागा नसताना शिरली तर तिला, मग ती बस असो नाहीतर मंत्र्यांची गाडी.

आणखी एक. बस चौकात लटकण्याचं मोठं कारण चौकाला चिकटून असलेले थांबे हे आहे. चौक ओलांडला की लगेच थांबा. तिथे एक बस उभी असते, तिच्यापुढे रिक्षा. मागून दुसरी बस आली की तिचं तोंड थांब्याशी आणि धड चौकात. चालक कितीही गुणी असला तरी हे टळणार नाही. थांबा ४०-५० मीटर पुढे सरकवला आणि रिक्षा हलवल्या की त्या चौकातला निम्मा प्रश्न सुटेल, असं मला अनुभवाने वाटतं.

क्रॉयडनकर

मोजपट्टींनी सांगितलेली कसोटी इंग्लंडमध्ये जवळपास तशीच कायद्यात आहे. चौकात पिवळ्या तिरप्या रेषांची चौकट आखलेली असते. पुढे उभ्या असलेल्या वाहनांमुळे चौकटीत थांबावं लागेल अशा रीतीने आत शिरायचं नाही. उजवीकडे वळणाऱ्याला मात्र सूट आहे. तो फक्त समोरून येणाऱ्यांसाठी थांबला असेल तर चौकटीत उभा राहू शकतो. ही पद्धत तिथे १९६७ पासून आहे. लंडनमध्ये मोठ्या रस्त्यांवर १६० पौंड दंड आहे, १४ दिवसांत भरला तर निम्मा. लंडनबाहेरच्या पालिकांना असा दंड करण्याचा अधिकार २०२२ मध्ये मिळाला.

बसला सूट नाही. सूट अग्निशमन, रुग्णवाहिका, पोलीस यांना. लंडनच्याही बस खासगी कंपन्या ठेक्याने चालवतात, पण ठेक्यात प्रवाशाला थांब्यावर किती जास्त वेळ ताटकळावं लागलं हे मोजतात आणि त्यावर पैसे वाढतात किंवा कापले जातात. नुसत्या किलोमीटरवर पैसे दिले की चालकावर गाडी दामटण्याचा दबाव येणारच. स्टेअरिंगवाले म्हणतायत त्याचं मूळ मला तिथे दिसतं.

घोडबंदरचा_घन:श्याम

पिवळ्या चौकटी मुंबईतही आखल्या आहेत. पाऊस पडला की पुसल्या जातात, आणि त्या कशासाठी आहेत हे दहातल्या नऊ जणांना ठाऊक नसतं. लंडनचं सांगू नका. तिथल्या चौकटींवरही पालिका गल्ला भरतात अशी ओरड असतेच.

आपल्याकडे आधीची ई-चलनं लोक भरत नाहीत, लोकअदालतीत तडजोड करून निम्म्यावर आणतात. त्यात हे आणखी एक. भरणार कोण? पगारदार माणूस आणि सरकारी बस. ज्याची नंबर प्लेट वाकवलेली आहे त्याला कॅमेरा बघतही नाही. आणि बसचा दंड म्हणजे पालिकेच्या पैशातून सरकारी तिजोरीत. माझ्याच घरपट्टीतून जाणार ना तो? तोट्यात चाललेल्या संस्थेला दंड लावून ती सुधारल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

नारायणपेठी

घनश्यामराव, घरपट्टीचा मुद्दा खरा आहे, त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण भाडेतत्त्वावरच्या बसचा मालक ठेकेदार आहे, तिथे दंड त्याला बसतो. आणि संस्थेच्या स्वतःच्या बसचा दंड दर महिन्याला चौकवार जाहीर केला तर तो आकडाच कामाला येईल. अमुक चौकात ८० बस लटकल्या आणि तमुक चौकात दोनच, असं दिसलं तर पहिल्या चौकात दोष चालकांचा नसून थांब्याचा किंवा सिग्नलचा आहे हे कुणालाही कळेल. आज ही नोंदच होत नाही, म्हणून सगळं खापर चालकाच्या डोक्यावर.

वाकलेल्या नंबर प्लेटवाल्याला पकडत नाहीत हे चूकच. म्हणून बाकीच्यांनी चौक बंद करायचा का?

स्टेअरिंगवाला

मोजपट्टी साहेबांचं थांब्याचं बोलणं शंभर टक्के खरं. पहिल्यांदाच कुणीतरी आमच्या सीटवरून बघून बोललंय.

चलनाला माझा विरोध आहे तो आहे. पण करणारच असाल तर तीन गोष्टी लिहून द्या. पगारातून कापायचं नाही. पोलिसाने हाताने पुढे घेतलं असेल तर कॅमेऱ्यात ते दिसलं पाहिजे आणि ते चलन रद्द झालं पाहिजे. आणि ज्या दिवशी बसला पहिलं चलन जाईल त्या दिवशी माझ्या पुढ्यात घुसणाऱ्या रिक्षालाही गेलं पाहिजे. नाहीतर होईल काय, बसची पाटी मोठी, नंबर स्वच्छ दिसतो, पकडायला सोपी. दुचाक्या सुटतील आणि आकडा बसच्या नावावर फुगेल.

मृण्मयी_कोथरूड

हीच भीती मलाही आहे. पकडायला सोपी म्हणून बस. त्यामुळे पहिलं वर्षभर फक्त खासगी वाहनांना लावा. मोटारी आणि दुचाक्या स्टॉप लाइनवर थांबायला लागल्या की बसला आपोआप जागा मिळेल. तरीही बस अडवत राहिल्या, तर मग बघू.

नारायणपेठी

वर्षभर नको, ताई. मोटारीत बसलेला माणूस शेजारची बस चौकात शिरताना बघणार आणि म्हणणार, त्यांना चालतं तर मला का नाही? नियम पहिल्या आठवड्यात बसला नाही तर पुढे कधीच बसत नाही. दादांच्या तिन्ही अटी मला मान्य आहेत. पहिल्या दिवसापासून सगळ्यांना, एवढंच माझं मागणं आहे.

मोजपट्टी

तुमचं दोघांचं चालू द्या. थांबे सरकवायला चलनाचा निर्णय होईपर्यंत थांबायची गरज नाही. सगळीकडे लाल ठेवायचे सेकंद वाढवायलाही नाही, ते काम एका दुपारचं आहे. चौकात लटकणारे थांबे कुठे कुठे आहेत त्यांची यादी केलीत तर मी प्रत्येकाचं अंतर मोजून देतो.

नारायणपेठी

करू या. आपापल्या भागातल्या चौकांची नावं इथे लिहा. कुठल्या बाजूचा थांबा, चौकापासून साधारण किती पावलांवर, आणि कुठल्या वेळी बस लटकते. आठवडाभरात अर्ज तयार करतो. एक प्रत पालिकेच्या पथ विभागाला, एक वाहतूक पोलिसांना, एक पीएमपीला.

मृण्मयी_कोथरूड

कर्वे रोडपासून सुरू करा. नळ स्टॉपच्या दोन्ही बाजूंचे थांबे मी उद्याच बघून येते, फोटोही टाकते. सहीसुद्धा करीन. पण अर्जात बसला चलन लावायची मागणी घातलीत तर ती वेगळ्या कागदावर घाला. त्या कागदावर माझी सही मिळणार नाही.