लॉटमध्ये निघालेला १९११चा रुपया: खरा कसा ओळखायचा?

कलदारप्रेमी
पंचम जॉर्जचे चांदीचे रुपये मी सालवार जमवतोय. १९१५चा मिळत नव्हता, म्हणून झिजलेल्या कलदारांचा, म्हणजे अशाच जुन्या चांदीच्या रुपयांचा, एक लॉट घेतला. १९१५ निघालाच, पण एकेक साल वाचता वाचता हातात आला १९११! हा आपल्याला कधी मिळेल असं मी धरलंच नव्हतं. अजून विश्वास बसत नाही.

राजाच्या झग्यावरचा हत्ती भिंगाखाली पाहिला. पाय आखूड, सोंड नावालाच, अगदी डुकराचं मुस्कट. वजन ११.५८ ग्रॅम भरलं. नाणं खरं आहे हे पक्कं कसं करू? आणि कडेला हिरवट थर आहे, तो काढू का?

टांकसाळ
मनापासून अभिनंदन! साल बाजूला ठेवा, हत्तीच बघा. १९१२च्या रुपयावरचा शेवटचा आकडा तासून १ करणारे आहेत. पण १९१२ला हत्ती नव्याने कोरला, सोंड स्पष्ट दिसते. तिथे फसवणूक उघडी पडते.

ओतीव नकलेत मात्र डुकरासारखा हत्तीही जसाच्या तसा उतरतो. त्यासाठी घनता काढा. पाण्याचा पेला काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला वा बाजूला टेकू देऊ नका. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल, त्याने नाण्याच्या वजनाला भागा. ९१.७ टक्के चांदीला १०.३च्या आसपास उत्तर यायला हवं. कडेच्या दात्यांवर सांधा किंवा पृष्ठावर बारीक छिद्रं दिसली तर मात्र सावध.

जुनी छाप
दुर्मीळ का, तेही लिहितो. हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून मुस्लिम समाजात संताप उसळला आणि सरकारने रुपया मागे घेतला. पाडलेल्या सुमारे ९४ लाखांपैकी ७ लाखांच्या आसपासच बाहेर गेले होते, उरलेले वितळवले. तुमचा झिजलेला आहे म्हणजे तो हातोहाती फिरलाय, मला तरी असाच जास्त आवडतो. चिंच, राख, पॉलिश काहीही लावू नका. चकाकी येईल, नाणं जाईल.

कलदारप्रेमी
मोजलं! काट्यावर १.१२ ग्रॅम आले, म्हणजे १०.३४. कडेवर सांधा नाही, छिद्रं नाहीत. फार आनंद झालाय. पण तो हिरवा थर चिकट लागतोय.

टांकसाळ
चिकट असेल तर बहुधा पीव्हीसीच्या मऊ पाकिटाचा. जुनी छाप म्हणतात ते पॉलिशबद्दल शंभर टक्के खरं, पण हा थर तसाच राहिला तर चांदी खाईल. शुद्ध अॅसिटोनमध्ये नाणं बुडवून ठेवा, घासू नका, नुसतं वाळू द्या. खिडकी उघडी, आग लांब. नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही, त्यात इतर भेसळ असते. चांदीवरचा काळपटपणा अॅसिटोनने जात नाही, त्यामुळे तो निघून जाईल ही काळजी नको. नंतर मायलरच्या (पीव्हीसी नसलेल्या प्लास्टिकच्या) पाकिटात ठेवा आणि त्या लॉटमधली बाकीची नाणीही तपासा, हा थर एकट्यावर क्वचितच असतो.