सांगलीची हळद आणि गणपती पेठेतील वखार: वाटा ठेवावा की सोडावा?

मुलुंडची माहेरवाशीण

वडिलांच्या पश्चात सांगलीच्या गणपती पेठेतील जुन्या वखारीत माझा चौथा हिस्सा आला असून, तिकडेच राहणारे चुलतभाऊ तो विकत घेण्यास तयार आहेत. प्रश्न केवळ रकमेचा असता तर तो घरातच सुटला असता; परंतु होकार देण्यापूर्वी त्या गावाचा व्यापार यापुढे कशाच्या आधारावर चालणार आहे, हे मला समजून घ्यायचे आहे.

मे महिन्याच्या सुट्टीत महालक्ष्मी एक्स्प्रेसने सांगलीला उतरलो की आजोबा आम्हाला हरिपूरची पेवे दाखवायला नेत. कृष्णाकाठच्या घट्ट मातीत खोल खणलेल्या त्या खड्ड्यांत पाचट लावून हळद भरत आणि तोंड मातीने लिंपून टाकत. आत हवाच उरत नसल्यामुळे हळदीला कीड लागत नसे. माल जागेवरून हलत नसे, त्याचे मालक मात्र मधल्या काळात बदलत. २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरले आणि तो साठा व्यवहारातून जवळजवळ उठलाच. त्याच सुमारास हळदीचे क्षेत्रही मराठवाड्याकडे सरकू लागले. आज हिंगोली, नांदेड आणि परभणी भागात भरपूर हळद पिकते आणि वसमतची बाजारपेठही वाढली आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले हे खरे, पण मानांकनाने गाड्या येत नाहीत. पीक तिकडे असताना सौदे सांगलीत किती काळ होतील?

वाशीचा मसाला दलाल

ताई, आपण विचार शेतापासून सुरू केला आहे. आम्ही व्यापारी तो गिऱ्हाइकापासून सुरू करतो. सांगली केवळ आपल्या शिवारातील हळदीवर कधीच जगलेली नाही. तिथल्या यार्डात 'राजापुरी' आणि 'परपेठ' हे दोन शब्द रोज कानावर पडतात राजापुरी म्हणजे सांगलीच्या नावाने ओळखली जाणारी हळद आणि परपेठ म्हणजे बाहेरच्या पेठेतून आलेला माल. निजामाबादची आणि कर्नाटकातली हळद सांगलीत येऊन विकली जाणे जुने आहे. त्यात मराठवाड्याच्या गाड्यांची भर पडली, एवढेच.

शेतकरी हळद उकडून आणि वाळवून आणतो, परंतु दुकानात जाण्याजोगी ती त्यानंतर होते. पॉलिश करणे, हळकुंड, गड्डा आणि कणी वेगळी काढणे, रंग आणि जाडी पाहून प्रत लावणे, पोती शिवणे आणि शेवटी दळणे ही कामे पिढ्यान्‌पिढ्या करणारी माणसे सांगली परिसरात एका हाकेच्या अंतरावर मिळतात. हळकुंड मोडून त्याच्या आवाजावरून ओल ओळखणारा माणूस नव्या बाजारात शेड बांधली म्हणून तयार होत नाही. शिवाय गुजरात आणि राजस्थानकडच्या खरेदीदारांना राजापुरीचीच सवय आहे आणि त्यांच्या खरेदीची माणसे तिथे बसलेली असतात. आपल्या मुंबईचेच पाहा. लालबागच्या मिरची गल्लीत उन्हाळ्यात मसाल्याची यादी घेऊन आलेली गृहिणी राजापुरी मागते, ते हळकुंड कोणत्या तालुक्यात पिकले हे ती विचारत नाही.

भावाचेही एक कारण आहे. २०१० मध्ये हळद क्विंटलला पंधरा हजार रुपयांच्या आसपास गेली आणि दोन वर्षांत पाच हजारांच्या खाली आली. अशा पडत्या काळात लहान बाजारात बोली लावायलाच कोणी उरत नाही, तर मोठ्या पेठेत पडेल भावाने का होईना, माल उचलला जातो. भाडे खर्चून दूरच्या यार्डात हळद नेणारा शेतकरी वेडा नसतो. तरीही आपली शंका मी अगदीच उडवून लावत नाही. वसमतकडे पॉलिशची यंत्रे आणि गिरण्या पुरेशा झाल्या तर परपेठचा एक भाग सांगलीला येणारच नाही.

निवृत्त बँकवाला, डोंबिवली

वरील विवेचन योग्य आहे, परंतु त्यात पैशाची बाजू राहून गेली आणि माझ्या मते सांगलीचे खरे भांडवल तेच आहे. मी तिथे काही वर्षे कर्ज विभागात काढली. शेतकरी आडत्याकडे परततो तो केवळ चार रुपये जास्त भावासाठी नव्हे. लागणीच्या वेळी उचल मिळते आणि सौद्यानंतर पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, हातात पडून पैसे ठरल्या मुदतीत मिळतात, म्हणून परततो. खरेदीदाराला मात्र उधारी हवी असते. या दोन मुदतींमधली फट आडत्या आपल्या पेढीची पत वापरून भरून काढतो आणि त्याची फट बँक भरते. हळदीचा हंगाम साधारण जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होतो, त्या वेळी शाखेत जी गर्दी होई ती पाहिल्यावर गाव कशावर चालते हे वेगळे सांगावे लागत नसे.

ही साखळी तुटली तर काय होते, तेही सांगलीने पाहिले आहे. २००० नंतरच्या दशकात तिथल्या काही सहकारी बँका बुडाल्या आणि ठेवीदारांबरोबर पेठेतील खेळते भांडवलही आटले. पुढे वस्तू व सेवा कर आला तेव्हा वाळवलेले, पॉलिश केलेले हळकुंड शेतमाल मानायचे की नाही, या वादात आडते सापडले.

सांगली-तासगावच्या बेदाण्याच्या बाजारातील एक चांगली रीत इथे सांगण्यासारखी आहे. दिवाळीच्या सुमारास सौदे काही आठवडे बंद ठेवतात आणि तेवढ्या काळात सर्वांनी आपली देणी भागवायची असतात; त्याला तिथे 'झिरो पेमेंट' म्हणतात. ज्या वर्षी ही तारीख पुढे ढकलावी लागते, त्या वर्षी कोणाचे तरी पैसे अडकले आहेत असे खुशाल समजावे. पेरणीच्या आकड्यांपेक्षा मी ती तारीख पाहीन.

तासगावची लेक, ठाणे

सगळेच हळदीवर बोलत आहेत म्हणून लिहिते. आमच्या जिल्ह्याच्या पूर्व भागात टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे पाणी फिरल्यापासून द्राक्षबागा वाढल्या. साधारण चार किलो द्राक्षांतून एक किलो बेदाणा निघतो आणि तो टिकवायला शीतगृह लागते. पेवे गेल्यावर साठवणुकीचा धंदा संपला नाही, त्याने जागा बदलली, आणि ती नवी जागा गणपती पेठेत नाही. ताई, आपल्या वखारीत आज नक्की काय ठेवलेले आहे?

मुलुंडची माहेरवाशीण

हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. काल भावाला फोन केला. वखारीत गेली बारा वर्षे प्लॅस्टिकच्या बादल्या आणि खुर्च्या ठेवणारा एक व्यापारी भाडेकरू आहे आणि हळदीचे शेवटचे पोते कधी उतरले हे भावालाही आठवत नाही. २०१९ च्या पुरात दाराच्या चौकटीपर्यंत पाणी होते आणि २०२१ मध्येही ते आत शिरले, हेही त्यानेच सांगितले.

वाशीचा मसाला दलाल

मग आपण आम्हाला हळदीबद्दल विचारलेत, पण निर्णय बादल्यांबद्दल घ्यायचा आहे. सांगलीचा हळद बाजार आणखी वीस वर्षे उत्तम चालला तरी या वखारीचे भाडे त्यामुळे वाढणार नाही.

निवृत्त बँकवाला, डोंबिवली

२०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या पाण्याची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती; धोक्याची पातळी ४५ फूट आहे. जागेचे मूल्यांकन करणाऱ्याला पुराची रेषा आवर्जून विचारा. भावांनी सांगितलेला आकडा त्यामुळे कमी वाटेनासा होण्याची शक्यता आहे. मोबदला घेणार असाल तर नुसत्या हक्कसोडपत्रावर भागवू नका, रीतसर खरेदीखत करा आणि भाडेकरूकडे असलेल्या अनामत रकमेतील आपला चौथा हिस्सा त्यात नोंदवून घ्या. ती रक्कम बहुतेक वेळा विसरली जाते.